शक्तिशाली विजेऱ्यांमागचा इतिहास

तळहातात मावणाऱ्या विजेरीतून आज हजारो ल्युमेन (एकूण प्रकाशाचे एकक) प्रकाश बाहेर पडतो आणि खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडाही तोच असतो. या आकड्याचे आकर्षण निराधार नाही, कारण विजेरीच्या इतिहासातील पहिली जवळजवळ शंभर वर्षे प्रकाश हीच दुर्मीळ गोष्ट होती. ती दुर्मिळता संपताना मूळ अडचणीने फक्त जागा बदलली. ती कोठे गेली हे कळल्याशिवाय विजेरीची निवड आंधळेपणाने होते.

नळीच्या आकाराच्या विजेरीचे अमेरिकी पेटंट डेव्हिड मिसेल या इंग्लिश संशोधकाला १० जानेवारी १८९९ रोजी मिळाले. कॉनराड ह्युबर्ट यांच्या ज्या कंपनीने ही विजेरी बाजारात आणली, तीच पुढे एव्हरेडी या नावाने ओळखली गेली. कागदी नळीत एकामागे एक बसवलेले सुके सेल, टोकाला दिवा आणि त्यामागे पितळेचा ओबडधोबड परावर्तक, ही रचना आजच्या वाचकालाही लगेच ओळखता येईल. मात्र त्या काळच्या सेलना सलग प्रवाह पुरवता येत नसे आणि दिव्यातील तापून उजळणारा कार्बनचा तंतू मिळालेली वीज उधळून टाकत असे, त्यामुळे दिवा काही क्षण लावून पुन्हा विझवावा लागे. पुढे टंगस्टनचा तंतू आला, १९५९ पासून अल्कलाइन सेल विकले जाऊ लागले. तरीही दोन मोठ्या सेलच्या साध्या विजेरीतून जेमतेम दहा-वीस ल्युमेनच मिळत.

तंतूच्या दिव्याचा स्वभाव येथे समजून घेण्यासारखा आहे. त्याला मिळणारे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले, की प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो आणि पिवळा पडू लागतो. हाच नियम उलट दिशेने वापरून हौशी मंडळींनी दिव्यांना जादा व्होल्टेज दिले, आयुष्य काही तासांवर आणून का होईना, पण झगझगीत पांढरा प्रकाश मिळवला आणि उष्णतेने वितळणारे प्लॅस्टिकचे परावर्तक काढून धातूचे बसवले. टोनी मॅग्लिका यांच्या कंपनीने १९७९ मध्ये आणलेल्या मॅगलाइट विजेरीची मजबूत ॲल्युमिनियमची नळी अशा प्रयोगांसाठी सोयीची ठरली. दुसरीकडे शुअरफायर कंपनीने कॅमेऱ्यातील ३ व्होल्टचे लिथियम सेल वापरून खिशात मावणाऱ्या विजेरीतून ६५ ल्युमेन मिळवले. त्या काळी हा आकडा थक्क करणारा होता.

खरा पालट दोन वेगळ्या वाटांनी आला. शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये निचिया कंपनीत प्रखर निळा एलईडी सिद्ध केला. त्यावर पिवळ्या फॉस्फरचा (निळा प्रकाश शोषून पिवळा देणाऱ्या पदार्थाचा) थर देऊन १९९६ मध्ये पांढरा एलईडी बाजारात आला, आणि निळ्या एलईडीच्या कामासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. सुरुवातीचे एलईडी फार दुबळे होते. एका वॉटच्या लक्सिऑन या एलईडीने त्यांना बळ दिले आणि २००६ मधील क्री कंपनीच्या एक्सआर-ई या एलईडीने तंतूच्या दिव्याला निर्णायकपणे मागे टाकले. दुसरी वाट सोनीने १९९१ मध्ये विक्रीस आणलेल्या लिथियम-आयन सेलची होती. लॅपटॉपच्या बॅटऱ्यांत वापरला जाणारा १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा १८६५० हा सेल हौशी लोकांनी जुन्या बॅटऱ्या उघडून विजेरीत आणला. प्रवाह स्थिर ठेवणारे ड्रायव्हर सर्किट सोबतीला आल्यावर सेल उतरला तरी उजेड टिकू लागला.

आता अडचण उष्णतेची आहे. तंतूची बरीचशी उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने प्रकाशाबरोबरच बाहेर फेकली जाई. एलईडीची उष्णता मात्र मागे विजेरीच्या अंगात, म्हणजे हातात उतरते. दर वॉटला १०० ल्युमेन धरले तर ३००० ल्युमेनसाठी ३० वॉट लागतात. चांगल्या १८६५० सेलमध्ये साधारण १२ वॉट-तास ऊर्जा असते, म्हणजे ती २५ मिनिटेही पुरणार नाही, आणि त्याच्या कितीतरी आधी विजेरी हातात धरवणार नाही. म्हणून अशा विजेऱ्या मिनिट-दोन मिनिटांतच आपोआप मंद होतात.

हे खोक्यावरून कळत नाही, याचे कारण मोजणीच्या पद्धतीत आहे. अमेरिकेतील २००९ च्या एफएल-१ मानकामुळे बेछूट दाव्यांना आळा बसला, आणि ते काम मोलाचे होते. पण त्यात प्रकाश सुरुवातीच्या पहिल्या दोन मिनिटांत मोजला जातो आणि विजेरी चालण्याचा काळ उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंत धरला जातो. दुसऱ्या मिनिटानंतर २० टक्क्यांवर घसरून तीन तास तेवणारी विजेरी या व्याख्येत व्यवस्थित बसते. त्यामुळे कमाल ल्युमेनपेक्षा वेळेनुसार उजेड कसा घटतो याचा आलेख पाहणे मला कितीतरी अधिक महत्त्वाचे वाटते.

त्याच मानकातील पल्ल्याची व्याख्याही नीट वाचावी. पौर्णिमेच्या चांदण्याइतका, म्हणजे ०.२५ लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक) उजेड जेथे उरतो ते अंतर म्हणजे पल्ला. झोताची तीव्रता कँडेलात मोजतात. या आकड्याच्या वर्गमुळाची दुप्पट केली की तो मीटरमध्ये मिळतो. १०,००० कँडेलाला २०० मीटर, तर ४०० मीटरसाठी चौपट, ४०,००० कँडेला लागतात. प्रत्यक्षात काही नीट ओळखण्यासाठी बरेच जवळ जावे लागते. दूरचा झोत लहान पृष्ठभागाच्या एलईडीतून आणि रुंद परावर्तकातून येतो, त्यात एकूण ल्युमेन कमी असले तरी चालतात. पायवाटेवर किंवा दुरुस्तीच्या कामात मात्र पसरट उजेडच हवा, कारण अरुंद झोताचा लखलखीत ठिपका आजूबाजूचे सारे अधिकच काळे करून टाकतो.

सेलच्या बाबतीत तडजोड करू नये. १८६५० आकारात ९९०० मिलिअँपिअर-तासांच्या साठवणक्षमतेचा दावा सरळ खोटा असतो. नामवंत उत्पादकांचे सेलही ३५०० ते ४००० च्या आसपास थांबतात. विजेरीच्या कमाल मोडला लागणारा प्रवाह सेलला झेपतो का, हेही आधी पाहावे.

रंगाचा मुद्दा मात्र अजून बहुतेक खरेदीदारांपर्यंत पोहोचलेला नाही. तंतूच्या दिव्याचा रंगदर्शक निर्देशांक, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचे शंभरपैकी माप, जवळजवळ १०० होता. ल्युमेनच्या शर्यतीत एलईडी ७० च्या आसपास आले आणि त्यांच्या उजेडात तांबडे रंग, माती, लाकूड, त्वचा सारे फिकट दिसू लागले. ९० च्या वरचे एलईडी आता सहज मिळतात आणि त्यांसाठी पाव हिस्सा ल्युमेन सोडावे लागले तरी मी तेच सुचवतो, कारण तेवढी घट डोळ्याला फारशी जाणवत नाही, परंतु रक्ताचा डाग आणि तेलाचा डाग यांतील फरक लगेच दिसतो.