घडीचा चाकू : पातं कशानं थांबतं?

कोल्हापूरकरांना जुन्या हत्यारांचं वेड आहेच. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात तलवारींसमोरून पाय निघत नाही. खिशातल्या घडीच्या चाकूकडे मात्र कुणी तितक्या मायेनं बघत नाही, आणि याचं मला वाईट वाटतं. चाकू जमवायचे तर आकार, पॉलिश नंतर बघा. उघडलेलं पातं कशानं थांबतं, ते आधी बघा.

मिटणारे चाकू रोमन काळातही होते. त्यांत पातं नुसत्या रिव्हेटच्या, म्हणजे पातं मुठीला जोडणाऱ्या खिळ्याच्या, घर्षणावर थांबायचं. जपानचा हिगोनोकामी 19व्या शतकाच्या अखेरीस आला, तोही याच जातीचा. पात्यामागे निघालेली शेपटी अंगठ्यानं दाबून धरायची, एवढीच सोय.

खरी कलाटणी दिली ती 17व्या शतकात इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरानं. तिथल्या कारागिरांनी मुठीच्या पाठीत पोलादी पट्टीची स्प्रिंग बसवली. असा चाकू सावकाश उघडून बघा. काहींचं पातं काटकोनात आलं की क्षणभर अडतं, कारण पात्याचं बूड चौकोनी घासलेलं असतं आणि त्याची सपाट बाजू पट्टीवर बसते. बूड गोलसर असेल तर पातं न अडता पुढे सरकतं. चांगल्या चाकूत उघडल्यावर पट्टी पाठीशी अगदी सपाट बसते. नखालाही कड लागत नाही. बार्लो हा प्रकारही शेफील्डचाच. त्यात मुठीच्या पुढच्या टोकाला लांब लोखंडी टोपी असते, म्हणून सांधा लवकर सैल होत नाही.

पातं पक्कं अडकवायच्या तऱ्हा वेगळ्या. फ्रान्सचा ओपिनेल 1890 चा, पण त्याची फिरणारी कडी 1955 मध्ये आली. आपल्याकडचा रामपुरी खटक्याचा. सिनेमानं त्याला गुंडाच्या हाती देऊन बदनाम केलं, त्यामागची कारागिरी झाकली गेली.

मुठीचा धागा मात्र थेट आपल्या मुलखाशी जुळतो. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात सांबर आहे. भारतातल्या सांबराचं शिंग आतून भरीव, म्हणून शेफील्डवाले ते मुठींसाठी भारतातून मागवत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर या व्यापारावर निर्बंध आले आणि पुढे निर्यातही थांबली. ते योग्यच झालं. आता बऱ्याच मुठी गुरांच्या हाडाच्या असतात, शिंगासारख्या कोरून रंगवलेल्या. कोरलेल्या हाडावर खळगे ठरावीक अंतरानं येतात. शिंगाच्या मुठीच्या दोन बाजू कधीच सारख्या नसतात.