स्टोअरचा टेस्टर आणि प्लॅटफॉर्मचा टेस्टर

सोशल मीडियाची अनेक खाती एकाच ठिकाणाहून सांभाळता यावीत असे ॲप तयार करणाऱ्या मुंबईतल्या लहान टीमशी बोलताना एक तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे, की तिचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवणे आता मला आवश्यक वाटते. ‘आमचे बिल्ड टेस्टफ्लाइटवर मंजूर झाले, चाळीस जणांनी ते इन्स्टॉलही केले, पण कोणालाच इन्स्टाग्राम जोडता येत नाही, आमच्या ऑफिसात मात्र सगळे व्यवस्थित चालते,’ अशी ती तक्रार असते. बिल्ड म्हणजे ॲपची तयार केलेली आवृत्ती, आणि टेस्टफ्लाइट म्हणजे ती चाचणीसाठी लोकांना देण्याची ॲपलची सोय. त्यानंतर आठवडाभर लॉगिनचा कोड पुन्हा पुन्हा तपासला जातो, सर्व्हर बदलला जातो, टेस्टरना ॲप काढून परत टाकायला सांगितले जाते, आणि शेवटी ‘बीटा, म्हणजे चाचणीचीच आवृत्ती आहे, असे व्हायचेच’ म्हणून विषय सोडून दिला जातो. कोडमध्ये बहुधा दोष नसतो. ॲप स्टोअरच्या यादीत नाव घातलेला टेस्टर आणि प्लॅटफॉर्मच्या, म्हणजे इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबसारख्या सेवेच्या, यादीत नाव घातलेला टेस्टर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हीकडे शब्द एकच असल्यामुळे एका यादीतले नाव दुसरीकडेही चालेल असा समज होतो.

स्टोअरची बाजू वाचकांना ठाऊक असेल, म्हणून ती थोडक्यात सांगतो. ॲपलच्या टेस्टफ्लाइटमध्ये टीममधले १०० पर्यंत अंतर्गत आणि बाहेरचे १०,००० पर्यंत टेस्टर घेता येतात. बाहेरच्यांना द्यायच्या पहिल्या बिल्डची ॲपल तपासणी करते आणि प्रत्येक बिल्ड ९० दिवसांनी बंद पडते. गुगल प्लेवर अंतर्गत, क्लोज्ड (निवडक लोकांपुरता) आणि ओपन (सर्वांसाठी) असे चाचणीचे तीन टप्पे आहेत. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्यांना ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी क्लोज्ड टेस्टिंग सलग १४ दिवस चालवावे लागते. त्यासाठी आधी किमान २० टेस्टर लागत, डिसेंबर २०२४ पासून १२ पुरतात. या साऱ्या व्यवस्थेचा प्रश्न एवढाच असतो, की तुमचे बिल्ड कोणाच्या फोनवर जाऊ शकते. ते फोनवर गेल्यानंतर कोणाच्या इन्स्टाग्राम खात्याला किंवा यूट्यूब चॅनेलला हात लावू शकते, याच्याशी ॲपलचा किंवा प्ले स्टोअरचा काहीही संबंध नसतो. सोसायटीच्या फाटकावरच्या वहीत तुमचे नाव लिहिले गेले म्हणून चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटचे दार उघडत नाही, तसेच हे आहे.

खरी अडचण दुसऱ्या यादीची आहे, आणि ती नीट समजून घ्यायची तर ‘परवानगी’ हा शब्द सैलपणे वापरणे आधी थांबवले पाहिजे. आपल्या ॲपमध्ये कोणी ‘इन्स्टाग्राम जोडा’ हे बटण दाबतो तेव्हा दोन परवानग्यांचा प्रश्न एकाच वेळी उभा राहतो. पहिली परवानगी खातेधारकाची, म्हणजे ‘या ॲपने माझ्या वतीने पोस्ट टाकली तर माझी हरकत नाही’ ही. दुसरी परवानगी प्लॅटफॉर्मची, म्हणजे ‘या ॲपने अनोळखी लोकांकडे अशी संमती मागितली तर आमची हरकत नाही’ ही. पहिली पडद्यावर दिसते, म्हणून सगळ्यांना ती कळते. दुसरी डेव्हलपरच्या डॅशबोर्डमध्ये कुठेतरी आत नोंदलेली असते आणि टेस्टरला ती कधीच दिसत नाही. ती मिळालेली नसेल, तर टेस्टरने कितीही मनापासून होकार दिला तरी त्याला लॉगिनच्या पडद्यावरच अडवले जाते, किंवा मागितलेली परवानगी टोकनमध्ये, म्हणजे लॉगिननंतर प्लॅटफॉर्म ॲपला पासवर्डऐवजी देतो त्या डिजिटल चावीत, उतरतच नाही.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाच्या व्यवस्थेत या दुसऱ्या परवानगीच्या दोन पायऱ्या आहेत: स्टँडर्ड ॲक्सेस आणि ॲडव्हान्स्ड ॲक्सेस. स्टँडर्ड ॲक्सेस असताना तुमचे ॲप फक्त अशाच लोकांच्या खात्यांवर काम करते ज्यांना त्या ॲपवर ॲडमिनिस्ट्रेटर, डेव्हलपर किंवा टेस्टर अशी एखादी भूमिका दिलेली आहे. यातला ‘टेस्टर’ हाच तो दुसऱ्या यादीतला टेस्टर. इन्स्टाग्रामसाठी त्याचे नाव डॅशबोर्डमध्ये घालावे लागते आणि मग त्याने स्वतःच्या इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये जाऊन ते निमंत्रण स्वीकारावे लागते. टेस्टफ्लाइटची लिंक उघडून हे काम होत नाही. बाहेरच्या कोणाचेही खाते जोडायचे असेल तर ॲप रिव्ह्यू, म्हणजे मेटाची तपासणी, पार करून ॲडव्हान्स्ड ॲक्सेस मिळवावा लागतो, आणि त्यासाठी व्यवसायाची कागदोपत्री पडताळणीही करून घ्यावी लागते. ‘आमच्या ऑफिसात चालते’ याचा अर्थ इथे उघड होतो. ऑफिसातल्या प्रत्येकाला ॲपवर भूमिका दिलेली असते, त्यामुळे त्यांच्यासाठी मंजुरीचा प्रश्नच उद्भवत नाही. ते चालणे हा तुमच्या कोडच्या सिद्धतेचा पुरावा आहे; तुमच्या ॲपला मिळालेल्या अधिकाराचा नव्हे.

याहून वाईट प्रकार म्हणजे सगळे चालल्यासारखे दिसते पण चाललेले नसते, तो. डेव्हलपमेंट मोडमधल्या, म्हणजे मेटाकडे अजून सर्वांसाठी खुल्या न केलेल्या, ॲपने फेसबुक पेजवर टाकलेली पोस्ट त्या ॲपवर भूमिका असलेल्या लोकांनाच दिसते. तुम्हाला ती दिसते, तुमच्या सहकाऱ्याला दिसते, आणि पेजचे बाकीचे अनुयायी मात्र रिकामे पेज पाहत असतात. यूट्यूबवर २८ जुलै २०२० नंतर तयार केलेल्या आणि यूट्यूबचे ऑडिट (तपासणी) न झालेल्या एपीआय प्रोजेक्टमधून (एपीआय म्हणजे बाहेरच्या ॲपला सेवा वापरू देणारा दुवा) चढवलेला व्हिडिओ आपोआप खासगी राहतो. चढवणाऱ्याला तो आपल्या चॅनेलवर दिसतो आणि काम झाले असे वाटते. शिवाय गुगलकडे लॉगिनच्या संमतीची पडताळणी आणि यूट्यूबचे ऑडिट ही दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत, एक झाले म्हणून दुसरे झाले असे होत नाही. लॉगिनचा प्रोजेक्ट ‘टेस्टिंग’ स्थितीत असेल तर १०० पर्यंत टेस्ट युजर घालता येतात, आणि एकदा घातलेले नाव काढले तरी ती जागा परत मिळत नाही. शिवाय यूट्यूबसारख्या परवानग्यांचे रिफ्रेश टोकन, म्हणजे पुन्हा लॉगिन न करता प्रवेश चालू ठेवणारे टोकन, अशा प्रोजेक्टमध्ये सात दिवसांनी संपते.

या सात दिवसांनी आम्हाला एका गणेशोत्सवात चांगलाच धडा दिला. गिरगावातल्या एका मंडळाचे कार्यकर्ते आमचे बीटा टेस्टर होते. त्यांनी चतुर्थीच्या सकाळी यूट्यूब चॅनेल जोडले, रोजच्या आरतीचे व्हिडिओ वेळ ठरवून रांगेत लावले, आणि पहिले सहा दिवस त्यांच्या फोनवर सगळे जागच्या जागी दिसत होते. आठव्या दिवशी टोकन संपले. अनंत चतुर्दशीची मिरवणूक निघाली तेव्हा आमच्या सर्व्हरवर त्या चॅनेलची एकही विनंती पुढे जात नव्हती, आणि आधीचे व्हिडिओ तपासले तेव्हा तेही खासगीच राहिले असल्याचे लक्षात आले. वर्गणीदारांपैकी कोणीही दहा दिवसांत एकही आरती पाहिलेली नव्हती. चूक पूर्णपणे आमची होती. आम्ही प्ले कन्सोलच्या, म्हणजे गुगल प्लेच्या डेव्हलपर डॅशबोर्डच्या, यादीत त्यांची नावे घातली आणि दुसऱ्या बाजूची स्थिती पाहिलीच नाही. त्या कार्यकर्त्यांनी वर्षभराच्या कामाचे दहा दिवस आमच्यावर विश्वासाने सोपवले होते, हे मी विसरलेलो नाही. तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे: पोस्ट गेली की नाही हे ॲपशी कसलाही संबंध नसलेल्या माणसाच्या फोनवरून, लॉगिन न करता पाहायचे.

प्लॅटफॉर्म इतके कडक का झाले, याची कारणे फार जुनी नाहीत. फेसबुक वापरकर्त्यांची माहिती एका ॲपमार्फत त्यांच्या नकळत गोळा केल्याचे केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण मार्च २०१८ मध्ये उघडकीला आल्यानंतर फेसबुकने एप्रिलमध्ये आपले अनेक एपीआय आवळले, आणि १ ऑगस्ट २०१८ पासून बाहेरच्या ॲपला वैयक्तिक प्रोफाइलवर पोस्ट टाकण्याची सोय बंद झाली. आजही अशा ॲपमधून फेसबुकवर फक्त पेज चालते, ते यामुळे; इन्स्टाग्रामवरही बिझनेस किंवा क्रिएटर खातेच चालते. ट्विटरने तर २०१२ मध्येच बाहेरच्या नव्या क्लायंट ॲपवर (ज्यातून ट्विटर वाचता-लिहिता येते अशा) १,००,००० युजर टोकनची मर्यादा घातली होती, आणि जानेवारी २०२३ मध्ये ट्वीटबॉट व ट्विटरिफिक यांसारख्या ॲपचा प्रवेशच काढून घेतला. तृतीय पक्षाचे ॲप दुसऱ्याच्या जागेत उभे असते. मालकाच्या अटी मनाविरुद्ध असल्या तरी त्या वाचल्याशिवाय बीटा जाहीर करणे म्हणजे टेस्टरचा वेळ वाया घालवणे.

या अडचणीवर दोन उपाय सर्रास सुचवले जातात आणि दोन्हींना माझा ठाम विरोध आहे. पहिला उपाय म्हणजे चाळीसच्या चाळीस बीटा टेस्टरना प्लॅटफॉर्मवर भूमिका देऊन टाकणे, आणि घाईत असाल तर सरळ डेव्हलपर किंवा ॲडमिनिस्ट्रेटर करणे. टेस्टरची भूमिका मोजक्या, ओळखीच्या लोकांसाठी ठीक आहे. पण ॲडमिनिस्ट्रेटरच्या हाती तुमच्या ॲपची सगळी सेटिंग जातात. दादरच्या एखाद्या दुकानाची पोस्ट वेळेवर जावी म्हणून त्या दुकानदाराला हे अधिकार देणे बेजबाबदारपणाचे आहे. शिवाय भूमिका दिल्याने तुम्हाला जे तपासायचे होते तेच झाकले जाते, कारण तो टेस्टर आता अनोळखी वापरकर्ता राहत नाही. दुसरा उपाय याहून गंभीर आहे: टेस्टरकडून पासवर्ड घेऊन आपणच लॉगिन करणे. शहरातल्या अनेक लहान एजन्सींमध्ये ग्राहकांचे पासवर्ड एका एक्सेल शीटमध्ये ठेवण्याची सवय इतकी रुळली आहे, की कोणाला त्यात वावगे वाटत नाही. टोकनची सगळी व्यवस्था पासवर्ड दुसऱ्याच्या हाती जाऊ नये यासाठीच उभारलेली आहे. जे ॲप पासवर्ड मागते त्याचा बीटा कोणीही स्वीकारू नये, असे मी टेस्टरनाच सांगतो.

क्रम कोणता असावा याबद्दल माझे मत पक्के आहे. आधी भूमिका असलेल्या चार-पाच जणांच्या आणि स्वतःच्या चाचणी खात्यांवर ॲप पूर्ण चालवावे, मग प्लॅटफॉर्मचा रिव्ह्यू घ्यावा, आणि तो मिळाल्यावरच स्टोअरचा बीटा बाहेरच्यांना उघडावा. ‘रिव्ह्यूला पाठवण्याइतके ॲप अजून तयार नाही’ ही सबब नेहमी पुढे येते. रिव्ह्यूसाठी संपूर्ण ॲप लागत नाही. मागितलेली प्रत्येक परवानगी कशासाठी आणि कुठल्या पडद्यावर वापरली जाते, हे लॉगिनपासून पोस्ट दिसेपर्यंत स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये दाखवावे लागते, आणि भूमिका असलेल्या खात्यांवर तेवढे दाखवता येते. इंटरफेस मराठीत असेल तर रेकॉर्डिंगवर इंग्रजी मथळे द्यावेत. न वापरलेली एकही परवानगी मागू नये. ‘पुढे लागेल’ म्हणून मागितलेली परवानगी अर्ज अडकवते. व्यवसायाचे नाव आणि पत्ता कागदपत्रांवर आहे तसाच लिहावा. लिंक्डइनवर स्वतःच्या प्रोफाइलसाठी पोस्ट करण्याची परवानगी सहज मिळते, पण कंपनी पेजसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, हेही आधीच धरून चालावे. टिकटॉकचा विचार आपल्याकडे करण्याचे कारण नाही, कारण भारतात ते २९ जून २०२० पासून बंद आहे.

हे सगळे झाल्यावर सुरू होतो तो खरा बीटा, आणि त्यात ज्या गोष्टी बाहेर येतात त्या ऑफिसातल्या खात्यांवर कधीच येत नाहीत. टेस्टरचे इन्स्टाग्राम खाते साधे वैयक्तिक निघते. पेजचा मूळ ॲडमिन नोकरी सोडून गेलेला असतो. कोणीतरी पासवर्ड बदलतो आणि टोकन तिथल्या तिथे निकामी होते. इन्स्टाग्रामच्या एपीआयमध्ये पोस्ट पुढच्या वेळेसाठी ठेवण्याची सोय नाही, त्यामुळे आधी कंटेनर, म्हणजे प्रकाशित न केलेली तयार पोस्ट, बनवून ठरल्या वेळी तो प्रकाशित करण्याचे काम तुमच्याच सर्व्हरला करावे लागते. कंटेनर २४ तासांत बाद होतो, म्हणून तो आदल्या आठवड्यात करून ठेवता येत नाही. एक्सवर मराठी मजकूर मोजताना प्रत्येक मात्रा आणि हलन्त स्वतंत्र धरला जातो. ‘क्षेत्र’ हा दोन अक्षरांचा शब्द २८० चिन्हांच्या मर्यादेतली सात चिन्हे खातो, आणि तुमच्या ॲपमधला आकडा वेगळा असेल तर मराठी लिहिणाऱ्याचीच पोस्ट नाकारली जाते.

आणि शेवटी टोकनची मुदत. इन्स्टाग्राम लॉगिनचे दीर्घ मुदतीचे टोकन ६० दिवस टिकते आणि त्याआधी ते नवे करून घ्यावे लागते. प्लेसाठी लागणारे १४ दिवस पुरे झाले म्हणून बीटा संपवला, तर टोकन नवे करणारा कोड कोणाच्याही खात्यावर एकदाही न चालता सर्वांसाठी खुला होतो. टेस्टफ्लाइटचे एक बिल्ड ९० दिवस टिकते, म्हणजे ती मुदत पाहायला जागा आहे. आम्ही आता बीटा किमान ७० दिवस चालवतो, आणि त्यात निदान दहा खाती पहिल्या दिवशी जोडून पुढे कोणी हात न लावलेली अशी ठेवतो.