चक्रधरपूर आणि आद्रा: खनिजाचा विभाग कोणता, कोळशाचा कोणता

मुंबई–हावडा मेलने नागपूरच्या पुढे गेलेल्या माणसाला राउरकेला, चक्रधरपूर, टाटानगर ही नावं ओळखीची असतात. आद्रा त्याने पाहिलेलं नसतं, कारण ती गाडी तिकडे जातच नाही. म्हणूनच असेल, पण बोकारो किंवा बर्नपूरच्या पोलाद कारखान्यांचा विषय निघाला की तेही चक्रधरपूर विभागातच असणार, असं धरून चाललं जातं. तसं नाही. दक्षिण पूर्व रेल्वेचे आज चार विभाग आहेत: खरगपूर, रांची, चक्रधरपूर आणि आद्रा. त्यातले शेवटचे दोन पोलादाचे. दोन्ही जुन्या बंगाल नागपूर रेल्वेचे वारस, दोन्ही एकमेकांना लागून. फरक एवढाच की चक्रधरपूर लोहखनिजाच्या डोंगरांत बसलेला आहे आणि आद्रा कोळशाच्या उंबरठ्यावर. (आद्रा, आर्द्रा नव्हे. फोनचा कीबोर्ड हटकून नक्षत्र करून टाकतो.)

आधी ओळख. टाटानगर, सिनी, राजखरसावां, डांगोआपोसी, बंडामुंडा, राउरकेला ही चक्रधरपूर विभागाची स्थानकं. पुरुलिया, भोजूडीह, बर्नपूर, बोकारो स्टील सिटी ही आद्रा विभागाची. चुका होतात त्या कडेच्या नावांत. आसनसोल आद्र्यापासून जेमतेम चाळीसेक किलोमीटरवर, पण ते पूर्व रेल्वेचं. ‘बोकारो थर्मल’ हे वेगळंच स्थानक, पूर्व मध्य रेल्वेच्या धनबाद विभागातलं. बोकारो स्टील सिटीचं तिकीट काढायचं असेल तर नाव पूर्ण वाचावं. तिथलंच चंद्रपुरा जंक्शन आपल्या चंद्रपूरशी गल्लत करायला लावतं, आणि औष्णिक वीज केंद्र दोन्हीकडे असल्याने संदर्भावरूनही उलगडा होत नाही.

इतिहासात मात्र ही दोन नावं एकाच ओळीत येतात. बंगाल नागपूर रेल्वे कंपनी १८८७ ची. तिने नागपूर–छत्तीसगड ही मीटर गेज रेल्वे ताब्यात घेतली, रुंद केली आणि पूर्वेकडे वाढवत नेली. १ फेब्रुवारी १८९१ रोजी नागपूर ते आसनसोल मालवाहतूक सुरू झाली. हा मूळ मुख्य मार्ग: नागपूर, बिलासपूर, चक्रधरपूर, सिनी, पुरुलिया, आद्रा, आसनसोल. हावडा तेव्हा या मार्गावर नव्हतंच. ती जोड १९०० च्या सुमारास मिळाली, सिनीहून खरगपूरमार्गे. त्यानंतर मेल गाड्या सिनीहून सरळ पूर्वेला जाऊ लागल्या आणि आद्र्याचा मूळ मुख्य मार्ग फाट्यासारखा दिसू लागला. आजच्या नकाशावर आद्रा आडबाजूला वाटतं, त्याचं कारण हे.

म्हणजे लोहमार्ग आधी आला, पोलाद नंतर. जमशेटजी टाटांचा शोध खरं तर चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातल्या लोहाऱ्यापासून सुरू झाला होता. लोहाऱ्याचं खनिज चांगलं आहे, पण वरोऱ्याचा कोळसा कोक (लोखंडाच्या भट्टीत लागणारा, भाजून केलेला कोळसा) करण्याजोगा नाही, असं १८८२ च्या एका अहवालात निघालं आणि तो बेत तिथेच थांबला. पुढे १९०४ मध्ये भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजच्या गोरुमहिसानी डोंगराची माहिती कळवली. कारखान्याला जागा मिळाली साकचीची: खनिज दक्षिणेला, झरियाचा कोळसा उत्तरेला, आणि बाजूलाच कालीमाटी स्थानक. पहिला पोलादाचा ठोकळा १९१२ मध्ये निघाला; १९१९ मध्ये साकचीचं जमशेदपूर झालं आणि कालीमाटीचं टाटानगर. लोहाऱ्याजवळ कोकचा कोळसा असता तर हा लेख कदाचित नागपूर विभागावर लिहावा लागला असता.

चक्रधरपूर विभाग वाढला तो दक्षिणेकडच्या खाणफाट्यांनी. टाटानगरहून गोरुमहिसानी आणि बदामपहाड, राजखरसावांहून डांगोआपोसी, नोआमुंडी आणि गुवा, बंडामुंडाहून बिमलगड, बरसुआं आणि किरीबुरू. १९५९ मध्ये राउरकेल्याची पहिली झोतभट्टी पेटली. त्याच वर्षी १५ डिसेंबरला राजखरसावां–केंदपोसी या खनिजाच्या फाट्यावर देशात प्रथम २५ किलोव्होल्ट एसी विजेवर गाडी धावली. मुंबईत १९२५ पासून १५०० व्होल्ट डीसी होती. आज देशभर दिसणाऱ्या पद्धतीची सुरुवात या खाणफाट्यावर झाली.

आद्र्याची वाढ उलट दिशेची. बर्नपूरचा कारखाना काढणारी इंडियन आयर्न अँड स्टील कंपनी १९१८ ची, बोकारोची पहिली झोतभट्टी १९७२ ची. दोन्ही कोळशाजवळ बसवलेले, म्हणून त्यांना खनिज लांबून आणावं लागतं. बर्नपूरचं खनिज गुव्याहून, म्हणजे थेट चक्रधरपूर विभागाच्या दक्षिण टोकाहून. भोजूडीहला कोळसा धुण्याची वॉशरी आहे. झरियाच्या कोळशात राख जास्त असल्याने तो धुतल्याशिवाय कोक भट्टीत घालता येत नाही.

दोन्हीकडच्या कामातला फरक वाघिणीत, म्हणजे मालगाडीच्या डब्यात, उतरून दिसतो. बॉक्स-एन या उघड्या वाघिणीचं आकारमान सुमारे ५६ घनमीटर, मूळ भारक्षमता सुमारे ५८.८ टन. कोळसा घनमीटरला ८५०-९०० किलो भरतो, म्हणून वाघीण काठोकाठ भरली तरी ५० टनांच्या आसपासच जाते. खनिज घनमीटरला सव्वादोन-अडीच टन. तेच ५८.८ टन वाघिणीच्या अर्ध्या उंचीच्याही खाली मावतात. अर्धी रिकामी दिसते म्हणून लोडरवाल्याने चार बकेट जास्त टाकल्या की ओव्हरलोड झालाच: स्प्रिंग तुटतात, ॲक्सल बेअरिंग तापतं, रुळाला तडा जातो, आणि वजनकाट्यावर दंड बसतो तो वेगळा. कोळशाच्या रेकची (वाघिणींच्या सबंध गाडीची) तक्रार बरोबर उलटी, कमी भरल्याची. पावसाळ्यात खनिजाची बारीक भुकटी ओली होऊन तळाला चिकटते. टिपलरने वाघीण उलटी केली तरी टन-दोन टन माल तसाच परत फिरतो. त्याच वाघिणीत पुढे कोळसा भरला तर राखेचं प्रमाण बिघडतं, म्हणून तळ खरवडल्याशिवाय भरू नये. हे नियमात असतं. घाईत राहून जातं.

वाघीण दोन्ही मालांना चालते, यातच या जोडीचं अर्थशास्त्र आहे. झरियाचा कोळसा आद्र्यावरून दक्षिणेला राउरकेल्याकडे न्यायचा आणि परतीला बोकारो-बर्नपूरसाठी खनिज आणायचं. रिकामा फेरा वाचतो. अडचण चक्रधरपूरच्या पश्चिमेला, गोईलकेराच्या पुढच्या सारंडा घाटात. चढ शंभराला एक. ५८ वाघिणींची भरलेली रेक सुमारे ५,००० टनांची, म्हणजे चढासाठीच ५० टनांची ओढ लागते, घर्षण वेगळं. सहा ॲक्सलच्या नेहमीच्या मालइंजिनाची सुरुवातीची ओढ ४७ ते ५२ टनांच्या आसपास. म्हणून दोन इंजिनं जोडावी लागतात किंवा मागून ढकलायला बँकर. बँकरच्या ड्रायव्हरने उशिरा जोर लावला तर पुढच्या कपलरवर सगळा ताण येऊन गाडी दुभंगते. वाफेच्या काळात अशा भारी कामासाठी बंगाल नागपूर रेल्वेने दुहेरी सांध्याची अजस्र गॅरट इंजिनं मागवली होती. आद्र्याच्या बाजूला असा घाट नाही; तिथली डोकेदुखी वॉशरी, सायडिंग आणि शेजारच्या दोन झोनशी (पूर्व आणि पूर्व मध्य रेल्वेशी) होणारी देवाणघेवाण. आता कोकचा बराच कोळसा परदेशातून हल्दिया-पारादीप बंदरांत उतरतो, त्यामुळे उत्तरेचा कोळसा दक्षिणेला हे जुनं चित्र पुष्कळ बदललं आहे. खनिजाचं बदललेलं नाही.

प्रशासनात १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे वेगळी झाली, आणि २००३ मध्ये नागपूर, रायपूर, बिलासपूर तिच्यातून निघून नव्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत गेले. ‘बंगाल नागपूर’मधलं नागपूर असं बाहेर पडलं.

दोन विभागांचा सांधा प्रत्यक्ष पाहायचा तर सिनीला. पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की लाल धुळीने माखलेली रेक सरळ गम्हरियाकडे गेली तर ती बहुधा टाटाची. डावीकडे कांड्रा-चांडिलच्या जुन्या मार्गाला वळली तर बोकारो किंवा बर्नपूरकडे निघालेली. नागपूरहून येणारी प्रवासी गाडी टाटानगरला जाऊन आद्र्याकडे वळणार असेल, तर तिथे इंजिन दुसऱ्या टोकाला लावावं लागतं. मालगाडीचा हा खोळंबा सिनी–कांड्रा मार्गाने वाचतो.