बारा व्होल्टच्या हॅलोजनला कुठलाही डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) चालतो का?

"बारा व्होल्टचा हॅलोजन म्हणजे लोड किरकोळ, त्याला कुठलाही डिमर चालतो, पंख्याचा रेग्युलेटरसुद्धा." हा समज आपल्या खान्देशात वर्षानुवर्षं फिरतोय. ऐकायला पटतोही, पण व्होल्ट म्हणजे वॅट नव्हेत.

जळगावच्या सराफ बाजारातलं एखादं शोकेस घ्या. 12 व्होल्टचा 50 वॅटचा दिवा पूर्ण 50 वॅटच घेतो. उलट त्याच्या वायरीतून 4 अँपिअरहून जास्त करंट वाहतो. असे चार दिवे म्हणजे 200 वॅट, 230 व्होल्टचे 12 करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये वाया जाणारी वीज वेगळी. पंख्याचा रेग्युलेटर एका पंख्यापुरता केलेला असतो.

खरी गोम पुढेच आहे. डिमर बसतो 230 व्होल्टच्या बाजूला, म्हणजे त्याची गाठ दिव्याशी नाही, ट्रान्सफॉर्मरशी पडते. जुन्या, तांब्याच्या गुंडाळीच्या ट्रान्सफॉर्मरला गुंडाळीच्या लोडसाठी बनवलेला लीडिंग एज डिमर (विजेच्या प्रत्येक अर्ध्या लाटेची सुरुवात कापणारा) लागतो. इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला बहुतेक वेळा ट्रेलिंग एज (लाटेचा शेवट कापणारा). जोडी चुकली की दिवा लुकलुकतो, ट्रान्सफॉर्मर घूं घूं करत तापतो.

ओळखायचं कसं? मेन स्विच बंद करून ट्रान्सफॉर्मर हातात घ्या. गुंडाळीचा लोखंडामुळे चांगला जड लागतो, इलेक्ट्रॉनिक अगदी हलका. मग लेबल वाचा. कोणता डिमर चालेल ते बऱ्याचदा त्यावरच असतं, आणि अंदाजापेक्षा लेबलच खरं माना. डिमरवरचा किमान लोडही बघा. तो 40 वॅट असेल आणि तुमचा दिवा एकच 20 वॅटचा, तर चांगल्या डिमरवरही उजेड थरथरत राहील.