टाकी ते कार्बोरेटर : हाताने बांधलेल्या विमानातली पेट्रोलची वाट

विदर्भातल्या गावांना विमानाचं वेड नवं नाही. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीच्या टपालाची विमानं दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघून मध्यरात्री नागपुरात जमत, थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेआधी परत फिरत. आज गोंदियाजवळ बिरसीच्या धावपट्टीवर वैमानिक तयार होतात. मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेल्या अमोल यादव यांच्या विमानाला २०१९ मध्ये उड्डाण-परवाना मिळाला, तेव्हापासून तर तालुक्याच्या गावात आयटीआय केलेली, वेल्डिंगचा हात साफ असलेली मुलंही आपलं विमान आपण बांधण्याची भाषा करू लागली आहेत. ही पोरं भेटली की इंजिन कोणतं, पंखाचा आकार कसा, पुढचा फिरता पंखा (प्रोपेलर) लाकडी की कार्बनचा, यावर तासन् तास बोलतात. पेट्रोलच्या नळीचा विषय काढला की उत्तर येतं, "भाऊ, बोटायेवढी नळी हाय, ते कुठूनही नेली तं काय फरक पडते?"

फरक किती पडतो, हे शंभराहून जास्त वर्षांच्या अनुभवातून ठरत आलं आहे. त्याची किंमत माणसांनी जिवानं मोजली आहे, म्हणून हा इतिहास बांधणाऱ्याला माहीत असायलाच हवा.

१७ डिसेंबर १९०३ ला राइट बंधूंचं विमान उडालं तेव्हा हा प्रश्न जवळपास नव्हताच. जेमतेम दीड लिटरची टाकी वरच्या पंखाखाली एका खांबाला बांधलेली, इंजिन खालच्या पंखावर. पेट्रोल आपल्या वजनानं खाली येत असे. त्या दिवसातलं सर्वांत लांब उड्डाण ५९ सेकंदांचं होतं, त्यामुळे नळी तापेल, हलून तुटेल, तिच्यात पाणी साचेल, हे कळायला वेळच मिळाला नाही. पण एक तत्त्व त्यातच होतं : टाकी कुठे बसते त्यावर नळीचा रस्ता ठरतो.

पुढची पंचवीसएक वर्षं छोट्या विमानांनी हेच तत्त्व पाळलं. १९२५ मध्ये आलेल्या डी हॅविलँड मॉथची टाकी वरच्या पंखाच्या मधोमध होती. १९२८ च्या सुमारास आपल्याकडे निघालेल्या फ्लाइंग क्लबांमध्ये हीच विमानं होती, भारतातल्या वैमानिकांची पहिली पिढी त्यांवरच शिकली. ना पंप, ना दाब. नळी वरून खाली, मध्ये एक कॉक, म्हणजे पेट्रोल चालू-बंद करायची तोटी, आणि एक जाळी. बिघडण्याजोगं त्यात फारसं काही नव्हतं.

घरी विमान बांधणाऱ्यांचा खरा आद्यपुरुष मला बर्नार्ड पीटेनपोल वाटतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात चेरी ग्रोव्ह नावाचं शेतकऱ्यांचं गाव आहे. तिथल्या या मेकॅनिकनं १९२९ मध्ये फोर्ड मॉडेल ए मोटारीचं इंजिन लावून दोन माणसांचं लाकडी विमान उडवलं आणि त्याचे आराखडे इतरांना दिले. त्या मोटारीची टाकी काचेच्या पुढे, इंजिनापेक्षा उंच असे आणि पेट्रोल वजनानंच उतरत असे. म्हणजे कार्बोरेटर, हवेत पेट्रोल मिसळणारा इंजिनाचा भाग, मुळातच तशा पुरवठ्यासाठी घडवलेला होता. पीटेनपोलनं पंख डोक्यावर घेतला आणि टाकी त्यात ठेवता आली, तशी इंजिन आणि नळी यांची जोडी आपोआप जमली. आपल्याकडे मारुतीचं किंवा मोटरसायकलचं इंजिन उचलताना त्याच्या मूळ गाडीत पेट्रोल कसं येत होतं, हे कुणी विचारत नाही. पीटेनपोलचं काम पाहिल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावासा वाटतो.

दरम्यान पहिल्या महायुद्धानं दुसरा रस्ता दाखवला होता, तो भीषण होता. इंजिनं मोठी झाली, टाक्या मोठ्या झाल्या, त्या वरच्या पंखात मावेनात. मग टाकी धडात ठेवून तिच्यात हवा भरायची आणि त्या दाबानं पेट्रोल वर चढवायचं, अशी युक्ती निघाली. अमेरिकेत बनलेल्या डीएच-४ मध्ये दाबाखालची टाकी वैमानिक आणि निरीक्षक यांच्या मध्ये होती, आणि रबरी इंधननळी इंजिनाच्या तापलेल्या एक्झॉस्टखालून नेलेली होती. या विमानाला 'जळती शवपेटी' असं नाव पडलं. नंतरच्या डीएच-४बी मध्ये वैमानिकाची जागा आणि टाकी यांची अदलाबदल झाली. नळी सायलेन्सरजवळून जाऊ द्यायची नाही, जावीच लागली तर मध्ये पत्रा आणि नळीवर आगरोधक वेष्टण, हा आज कुणीही सांगेल असा नियम त्या आगींतून आला आहे.

त्यानंतर पंख खाली आला. खालच्या पंखाचं विमान वेगानं जातं, दिसायला देखणं असतं, पण टाकी पंखात म्हणजे इंजिनापेक्षा खाली जाते. आता पेट्रोल वर ओढावं लागतं. इंजिनावर चालणारा पंप आला, तो बंद पडला तर म्हणून विजेवरचा दुसरा आला, डाव्या-उजव्या टाकीतून निवड करायला कॉक आला. १९७१ मध्ये रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हन यांचं आरव्ही-३ उडालं. त्याच्या वंशातली दहा हजारांहून अधिक विमानं आजवर लोकांनी घरी बांधून उडवली आहेत. त्यांतही पेट्रोलची वाट अशीच आहे : पंखातली टाकी, कॉकपिटमधला कॉक, विजेचा पंप, मग फायरवॉल (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधली आगरोधक भिंत) ओलांडून इंजिनाचा पंप.

विदर्भाच्या हवेचा प्रश्न इथेच येतो. पंप ढकलतो तेव्हा नळीतलं पेट्रोल दाबाखाली असतं; तो ओढतो तेव्हा त्याच्या मागच्या नळीत दाब कमी होतो. दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानालाच उकळतं आणि नळीत वाफेचा फुगा धरतो. पंप द्रवासाठी बनलेला असतो, वाफ आली की तो नुसता फिरत राहतो. ओलिताच्या डिझेल इंजिनानं हवा धरली की कसं होतं, ते आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको. फरक एवढाच की इथे हवा बाहेरून येत नाही, पेट्रोलच वाफ होतं, आणि नट ढिला करून ती काढायला खाली उतरता येत नाही. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे सावलीतच पारा ४५-४६ अंशांवर जातो. उन्हात उभ्या विमानाच्या बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. सर्वांत वाईट वेळ उड्डाणातली नसते. उतरून इंजिन बंद केल्यावर वारा थांबतो, सिलिंडरांची सगळी उष्णता नळ्यांत आणि पंपात शिरते, आणि दहा-पंधरा मिनिटांनी माणूस पुन्हा इंजिन चालू करून थेट धावपट्टीवर जातो. इंजिन जमिनीवर ठीक चालतं आणि पूर्ण पेट्रोल लागतं तेव्हा, म्हणजे चाकं सुटल्यावर, गुदमरतं.

म्हणून विजेचा पंप शक्य तितका खाली आणि टाकीजवळ बसवतात, इंजिनाच्या खोलीत नव्हे. ओढण्याचं अंतर कमी, ढकलण्याचं जास्त. नळीला मध्येच उंटासारखी पाठ काढू देत नाहीत, कारण वाफ तिथे अडकते. आणि मध्येच झोळ पडू देत नाहीत, कारण तिथे पाणी साचतं. सगळ्यांत खालच्या जागी गाळणी आणि निचऱ्याचा नळ, उड्डाणाआधी तिथून थोडं पेट्रोल काचेच्या भांड्यात काढून पाहायचं.

बाकीचे नियम थोडक्यात. धातूच्या नळीचं तोंड विमानात ३७ अंशांत फुलवतात, मोटारीत ४५ अंशांत. दोन्ही दिसायला सारखे, एकमेकांवर बसवले तर गळतात. बाजारातली मोटारीची जोडणी विमानात घालू नये ती यासाठी. फायरवॉल ते इंजिन हा तुकडा लवचीक हवा, कारण इंजिन थरथरतं आणि धड थरथरत नाही. पत्र्यातून जाताना रबरी कडं, ठरावीक अंतरावर क्लॅम्प. विजेची तार आणि इंधननळी शेजारून न्यावीच लागली तर तार वर, नळी खाली, म्हणजे गळती तारेवर पडत नाही.

कॉक कुठे बसवायचा, हे मात्र थोडक्यात सांगण्यासारखं नाही. १९७९ मध्ये बर्ट रुटान यांचं लाँग-ईझेड उडालं. फोम आणि फायबरग्लासचं हे विमान घरी बांधता येत असे, इंजिन मागे, टाक्या दोन्ही बाजूंना. आराखड्यात टाकी निवडण्याचा कॉक वैमानिकाच्या पुढ्यात, दोन मांड्यांच्या मध्ये दाखवला होता. एका बांधणाऱ्याला कॉकपिटमधून पेट्रोलच्या नळ्या नको होत्या. विचार वाईट नव्हता. माणसाजवळ पेट्रोल नको, हे कुणालाही पटेल. त्यानं कॉक मागच्या भिंतीवर, वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला. नळी आखूड झाली, कॉकपिट मोकळं झालं. पुढे हे विमान विकलं गेलं आणि गायक जॉन डेन्व्हर यांच्याकडे आलं. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ते समुद्रात कोसळलं, डेन्व्हर गेले. अमेरिकी तपास यंत्रणेनं पाहिलं की टाकी बदलायला कॉकपर्यंत हात न्यायचा तर अंग वळवावं लागतं, आणि तसं वळताना आधारासाठी उजवा पाय रडरच्या, म्हणजे विमान वळवणाऱ्या सुकाणूच्या, पेडलवर नकळत दाबला जातो. कॉकची जागा, खुणा नसलेले इंधनमापक आणि या विमानाचा अपुरा सराव, ही कारणं अहवालात आली.

मला हा अपघात सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो, कारण कॉक हलवण्यामागे हलगर्जीपणा नव्हता, सुरक्षेच्याच हेतूनं एक नळी वळवली होती. आराखड्यातली जागा कुणीतरी पन्नास गोष्टी तोलून ठरवलेली असते. ती बदलायची तर त्या पन्नासही पुन्हा तोलाव्या लागतात, आणि विमान पुढे ज्याच्या हाती जाईल त्याच्यासाठीही. आपल्याकडे ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना एका हुशार तरुणाचा जीव गेला. तिथे पातं तुटलं होतं, इंधनाचा संबंध नव्हता. पण एकट्यानं, तपासणाऱ्या दुसऱ्या डोळ्यांशिवाय काम करणं किती महाग पडतं, ते विदर्भानं पाहिलं आहे. नळीचं काम पूर्ण झालं की ते दुसऱ्या जाणत्या माणसाला दाखवलं पाहिजे, मग तो सोनेगावच्या फ्लाइंग क्लबमधला इंजिनिअर असो की बिरसीचा.

आता रोटॅक्स कंपनीच्या इंजिनाबद्दल, कारण छोटं विमान बांधणारे बहुतेक जण शेवटी तिच्या ९१२ कडेच येतात. या इंजिनाला किमान ०.१५ बार दाबानं पेट्रोल हवं. टाकी कार्बोरेटरच्या एक मीटर वर असली तरी पेट्रोलच्या वजनाचा दाब ०.०७ बारच भरतो. म्हणजे पीटेनपोलसारखी डोक्यावरची टाकी घेतली तरी पंप चुकत नाही. शिवाय कार्बोरेटरजवळून एक बारीक परतीची नळी टाकीकडे नेतात. त्यातून थोडं पेट्रोल सतत फिरत राहतं, गरम झालेलं पेट्रोल आणि वाफ मागे जाते. आपल्या उन्हाळ्यात ही नळी वगळू नये. फक्त टाक्या दोन असतील तर ती कोणत्या टाकीत पडते ते पक्कं ठाऊक हवं, नाहीतर भरलेल्या टाकीत परत आलेलं पेट्रोल हवेच्या नळीतून बाहेर सांडतं.

सगळं जोडून झालं की प्रवाह मोजायचा. विमानाचं नाक सर्वांत तीव्र चढाईच्या कोनाला उचलून बांधायचं, कार्बोरेटरपाशी नळी सोडायची, आणि मिनिटाला किती पेट्रोल कॅनमध्ये पडतं ते घड्याळ लावून पाहायचं. छोट्या विमानांच्या अमेरिकी नियमांत २०१७ पर्यंत वजनानं उतरणाऱ्या पुरवठ्याला जमीन सोडतानाच्या खपाच्या १५० टक्के, पंपाच्या पुरवठ्याला १२५ टक्के प्रवाह मागितला होता. ही चाचणी टाकीत थोडंच पेट्रोल असताना घ्यावी. भरलेल्या टाकीवर कुठलीही नळी पास होते.

शेवटचा बदल गेल्या काही वर्षांतला. पेट्रोल पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि रोटॅक्स ९१२ ला १० टक्क्यांपर्यंतच परवानगी आहे. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, काही रेझिनच्या टाक्या मऊ करतं, पाणी धरून ठेवतं आणि थंड झाल्यावर ते पाणी घेऊन वेगळं होतं. विमानाचं खास पेट्रोल, अ‍ॅव्हगॅस १०० एलएल, पूर्वी आयात होत असे; सप्टेंबर २०२२ पासून इंडियन ऑइल ते देशात बनवू लागली. त्यात इथेनॉल नसतं आणि त्याची मोटारीच्या पेट्रोलपेक्षा सावकाश वाफ होते, म्हणून मे महिन्यासाठीही तेच चांगलं. शिसं असल्यामुळे रोटॅक्सचं ऑइल मात्र लवकर बदलावं लागतं. खेड्यातून ते आणायचं म्हणजे ड्रम, परवाना आणि वाहतूक असा खर्च आहे, तो इंजिन घेण्याआधीच हिशेबात धरावा. त्याच वहीत रबरी नळ्यांची तारीखही लिहावी : रोटॅक्स त्या दर पाच वर्षांनी बदलायला सांगतं, विमान तेवढ्या काळात एकदाही उडालं नसलं तरी.