डायअमोनियम फॉस्फेट (डीएपी)

कृषी सेवा केंद्रात १८:४६:० (नत्र, फॉस्फेट, पालाश यांचे टक्के) लिहिलेली जी गोणी मिळते तेच हे डायअमोनियम फॉस्फेट. फॉस्फोरिक अ‍ॅसिडमध्ये अमोनिया सोडून हा क्षार बनवतात, एका फॉस्फेटला दोन अमोनियम. शुद्ध असेल तर पांढरे स्फटिक, रेणुभार साधारण १३२, घनता १.६२ च्या आसपास. खताचे दाणे मात्र करडे, तपकिरी नाहीतर काळपट असतात कारण रॉक फॉस्फेट या कच्च्या खनिजातली अशुद्धी त्यात उरते, त्यामुळे दाणा जितका काळा तितका माल भारी हा समज डोक्यातून काढायलाच हवा.

दोनातला एक अमोनिया तसा सैलच बांधलेला असतो, साधारण १५५ डिग्रीला क्षार विघटित व्हायला लागतो आणि अमोनिया सुटून मोनोअमोनियम फॉस्फेट उरतं. गावाकडे दाणे तळहातावर घेऊन तंबाखूसारखा चुना लावून मळतात आणि उग्र, नाकात जाणारा वास आला की म्हणतात डीएपी खरं. यात केमिस्ट्री आहेच, चुन्यासारखा अल्कली लागला की अमोनियमचा अमोनिया वायू होतो. पण असाच वास अमोनियम सल्फेटलाही येतो, म्हणजे यातून फॉस्फेट किती आहे ते काही कळत नाही, खात्री लॅबमध्येच होते.

पाण्यात भरपूर विरघळतं, २० डिग्रीला लिटरभर पाण्यात अर्ध्या किलोपेक्षा जास्त, अल्कोहोलमध्ये नाही. द्रावणाचा पीएच ७.५ ते ८, म्हणून दाण्याभोवतीची माती आधी अल्कलाइन होते, अमोनिया सुटतो आणि बियाणं अगदी चिकटून असेल तर उगवण मार खाते, नंतर जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात तेव्हा तीच जागा आम्लाकडे झुकते.

गोणीवरचा ४६ हा आकडा पी२ओ५ चा, म्हणजे फॉस्फरसच्या ऑक्साइडच्या हिशोबाने आहे, प्रत्यक्ष फॉस्फरस २० टक्केच, म्हणजे ५० किलोच्या गोणीत साधारण १० किलो फॉस्फरस आणि ९ किलो नत्र. आणि हा फॉस्फरस कॅल्शियम दिसला की त्याला धरून बसतो, चुनखडीच्या काळ्या रानात वरून फेकलेलं डीएपी तिथंच अडकतं, मुळापर्यंत फारसं सरकत नाही, म्हणून पेरताना बियांच्या थोडं खाली आणि बाजूला द्यावं. कॅल्शियम नायट्रेटबरोबर एकाच टाकीत तर अजिबात कालवू नये, पांढरा साका बसतो आणि ड्रिपर चोक होतात.