पट्टीनं मोजलेलं अंतर आणि खंबाटकीचा घाट

पुणे-सातारा महामार्गावरच्या खंबाटकी घाटात अपघात झाला की वाई-खंडाळा-शिरवळ भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक ठरलेली तक्रार फिरते. "वेळ्याला अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती, हाकेच्या अंतरावर. ती सोडून खंडाळ्याकडची पाठवली. कसलं आलंय जीपीएस!" संताप समजण्यासारखा आहे आणि कधीकधी त्याला कारणही असतं. पण पुष्कळदा निवड बरोबर झालेली असते. नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजायची सवय आपल्याला शाळेत लागली आहे, ती काही सुटत नाही.

घाट ज्यांच्या पायाखालचा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुण्याहून साताऱ्याकडे येणारी वाहनं घाट चढून येतात आणि साताऱ्याहून पुण्याकडे जाणारी बोगद्यातून जातात. दोन्ही वाटा एकेरी. (नवे जुळे बोगदे पूर्ण वापरात आले की ही रचना बदलेल. इथे जुनीच धरतो.) वेळे हे गाव घाटाच्या सातारा बाजूला आहे, खंडाळा (लोणावळ्याजवळचं नव्हे, सातारा जिल्ह्यातलं) पुणे बाजूला. आता घाट उतरताना वेळ्याच्या अंगाला ट्रक उलटला, तर वेळ्याच्या गाडीला तो ट्रक कदाचित डोळ्यांनी दिसेल. पण तिथं पोचायचं तर समोरून उतरणाऱ्या वाहनांच्या तोंडावर चढावं लागेल, नाहीतर बोगद्यातून पलीकडे जाऊन, वळून, अख्खा घाट चढून यावं लागेल.

हे कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरला कसं समजतं, तेच मला सांगायचं आहे. त्याआधी उपग्रहांचा विषय उरकतो.

उपग्रह कुणाच्याही गाडीवर नजर ठेवून नसतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून सतत एवढंच सांगत असतात की मी अमुक, मी या जागी आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत. गाडीकडून त्यांना उलट काही ऐकू येत नाही. गाडीतलं यंत्र किमान चार उपग्रहांचे संदेश ऐकतं आणि ते पोचायला लागलेल्या वेळावरून आपली जागा स्वतः काढतं. तीन उपग्रह जागेसाठी लागतात, चौथा यंत्रातल्या स्वस्त घड्याळाची चूक काढण्यासाठी. एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात 30 सेंटीमीटरची चूक, म्हणून घड्याळाचे एवढे लाड. या ठिकाणी लेखकानं आइन्स्टाइनकडे वळायचा प्रघात आहे. उपग्रहांवरची घड्याळं सापेक्षतेमुळे दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ती दुरुस्ती केलेली असते, एवढं सांगून मी परत रस्त्यावर येतो.

यंत्रानं काढलेली जागा कंट्रोल रूमला कळते ती मोबाइल नेटवर्कमधून. हे दोन वेगळे टप्पे आहेत आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी तुटतात. बोगद्यात आकाश नाही, त्यामुळे जागाच निघत नाही. कांदाटी खोऱ्यात आकाश भरपूर, पण रेंज नसेल तर निघालेली जागा यंत्रातच पडून राहते आणि रेंज आल्यावर एकदम जाते. पडद्यावर दोन्हीकडे सारखंच दिसतं, ठिपका थांबलेला. गाडी मात्र चालूच असते. म्हणून बऱ्या प्रणालीत ठिपक्याशेजारी तो किती वेळापूर्वीचा आहे हेही दाखवतात. ऑपरेटरसाठी तो आकडा ठिपक्याइतकाच महत्त्वाचा.

घाटात आणखी एक भानगड असते. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट आठवा. नागमोडी रस्त्याचे वरचे आणि खालचे पदर नकाशावर अगदी चिकटून असतात. डोंगराच्या कुशीत अर्धं आकाश झाकलेलं आणि काही संदेश कड्यावर आपटून उशिरा येणारे, त्यामुळे ठिपका बराच सरकतो. मग गाडी वरच्या पदरावर आहे की खालच्या? सर्वांत जवळच्या रस्त्यावर ठिपका चिकटवला तर गाडी पडद्यावर वरखाली उड्या मारते. त्यावरचा उपाय असा की एकेका ठिपक्याचा निकाल लावायचा नाही, सगळी रांग एकत्र बघायची. दोन ठिपक्यांत 30 मीटरचं अंतर आहे आणि ते वेगवेगळ्या पदरांवर मानले तर मधला रस्ता 900 मीटरचा होतो, असं निघालं की तो तर्क बाद. सगळ्या शक्य साखळ्यांमधून सर्वांत पटणारी साखळी निवडायची रीत अँड्र्यू विटर्बी यांनी 1967 मध्ये दळणवळणातल्या संदेशांसाठी शोधली होती. ती घाटातल्या गाड्यांनाही लागू पडते.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. कॉम्प्युटरला घाट, बोगदा, वेळे असं काही दिसत नाही. त्याच्यालेखी नकाशा म्हणजे दोन याद्या. एका यादीत बिंदू, म्हणजे रस्ते जिथे मिळतात किंवा फुटतात त्या जागा. दुसऱ्या यादीत बाण: या बिंदूवरून त्या बिंदूवर जाता येतं आणि इतकी मिनिटं लागतात. दुहेरी रस्त्याला दोन बाण, एकेरीला एकच.

अशा जाळ्यात सर्वांत कमी वेळाची वाट काढायची रीत एड्सखर डायक्स्ट्रा या डच माणसाची. 1956 साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमल्यावर तो एका कॅफेत कॉफी पीत बसला आणि वीसेक मिनिटांत, कागद-पेन न घेता, त्यानं ती मनातल्या मनात रचली. छापली 1959 मध्ये. आज आपल्या फोनमधला नकाशा रस्ता दाखवतो तेव्हा तिचीच सुधारलेली पिल्लं काम करत असतात.

शेतात पाटाला पाणी सोडलं की ते सगळ्या सऱ्यांत एकदम शिरतं आणि जी जागा सर्वांत आधी भिजते, तिथे पोचायची वाट आपोआप सर्वांत छोटी असते. डायक्स्ट्राची रीत तीच. आपल्याला हवी ती मात्र त्यातली उलटी चाल. जिल्ह्यातल्या प्रत्येक अ‍ॅम्ब्युलन्सपासून अपघातापर्यंत वेगळी वाट कशाला शोधायची? पाणी अपघाताच्या जागेवरून सोडायचं, पण सगळे बाण उलटे फिरवून. कारण आपला प्रश्न 'इथून कुठे जाता येतं' हा नाही, 'इथे कुठून येता येतं' हा आहे.

खंबाटकीत करून बघू. मिनिटं समजण्यापुरती धरली आहेत. अपघाताच्या जागी येणारा बाण एकच, खंडाळ्याकडच्या पायथ्यापासूनचा, 5 मिनिटांचा. यादीत लिहा: पायथा, 5. यादीत तेवढंच आहे, म्हणून तेच उचला. पायथ्याला येणारे बाण दोन: खंडाळ्यातून 2 मिनिटांचा आणि बोगद्यातून बाहेर पडून वळून येणारा 3 मिनिटांचा. यादीत आता खंडाळा 7, बोगद्याचं तोंड 8. नेहमी सर्वांत लहान आकडा उचलायचा, म्हणून खंडाळा. तिथे अ‍ॅम्ब्युलन्स उभी आहे. थांबा, मिळाली. वेळ्याच्या गाडीपर्यंत शोध गेलासुद्धा नाही. गेला असता तर बोगद्याची 5 मिनिटं धरून उत्तर 13 आलं असतं.

इतक्यात थांबायची खात्री कशी? यादीत उरलेला प्रत्येक आकडा 8 किंवा त्याहून मोठा आहे आणि कुठल्याही रस्त्यावर उणे मिनिटं लागत नाहीत. पुढे कितीही शोधलं तरी 7 पेक्षा लहान काही निघणं शक्यच नाही. एवढ्या साध्या कारणावर सगळी इमारत उभी आहे, आणि मला ती आजही सुंदर वाटते.

हे गणित बरोबर येतं ते बाणांवरची मिनिटं बरोबर असली तर. घाटात कोंडी झाली आणि पोलिसांनी क्रेनसाठी उलट्या बाजूनं वाट करून दिली, तर त्या क्षणापुरता एक नवा बाण तयार झाला. तो नकाशात कुणी टाकेपर्यंत कॉम्प्युटरला त्याचा पत्ता नसतो. वेळ्याच्या गाडीचा पायलट, म्हणजे चालक, तेव्हा कॉम्प्युटरपेक्षा शहाणा ठरतो आणि त्याचं ऐकायला हवं. 'एआयवर चालणारी यंत्रणा' असा फलक लावून मोठ्या पडद्यासमोर फोटो काढले जातात, तेव्हा हा नवा बाण कोण टाकणार हे विचारायचं राहून जातं.

पुढचा परिच्छेद जरा चिवट आहे. काही बाणांची मिनिटं निघायच्या वेळेनुसार बदलतात. सप्टेंबरातल्या रविवारी सातारा-कास रस्ता सकाळी सातला वेगळा आणि अकराला वेगळा. शिवसागर जलाशयाच्या काठी तर वाट पाहणं हाच प्रवासाचा मोठा भाग. बामणोलीहून समोरचं गाव सरळ रेषेत जवळ असतं, पण मध्ये कोयनेचं पाणी, आणि लाँच किंवा तराफा लागेल तेव्हा. डायक्स्ट्राची रीत इथेही चालते. अट एकच, उशिरा निघालेला आधी निघालेल्याच्या आत पोचता कामा नये. लाँच ही अट पाळते: साडेदहाच्या लाँचला दहा पाचला आलेला आणि दहा वीसला आलेला, दोघंही एकाच वेळी पलीकडे उतरतात. अडतो तो उलटा शोध. मागे मागे जाताना, गाडी तराफ्यापाशी किती वाजता येईल हे अजून ठरलेलंच नसतं. म्हणून आत्ताची मिनिटं धरून उलट्या शोधानं दोन-चार गाड्या निवडायच्या आणि मग प्रत्येकीसाठी सुलटा, नेमका हिशेब करायचा, अशी तडजोड करता येते.

या गाड्या ज्या ज्या अपघातांच्या जागी धावल्या ते ठिपके साठवले की आणखी एक उपयोग होतो. काही जागी ठिपक्यांचे पुंजके दिसतात. साधारण 500 मीटरच्या टप्प्यात 3 वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, किंवा 10 मृत्यू, ही आपल्याकडे ब्लॅक स्पॉटची सरकारी व्याख्या. बोगद्यानंतरच्या एस वळणाबद्दल 'जागाच वाईट आहे' असं सांगणारे भेटतात, नारळ फोडणारेही भेटतात. तिथे उतार आहे, उतारावर भरलेल्या ट्रकचा वेग आहे आणि त्या वेगाला न झेपणारं लागोपाठ उलटसुलट वळण आहे. बाधा त्या ट्रकच्या ब्रेकला झालेली असते. सर्पदंश झालेल्या माणसाला आधी मांत्रिकाकडे नेण्यात गेलेला तास तर कुठल्याच बाणावर लिहिलेला नसतो.

इतकं सगळं खरं, पण शोध सुरू होतो तो अपघाताच्या जागेपासून, आणि हीच माहिती सर्वांत कच्ची असते. महाराष्ट्रातली 108 सेवा 2014 मध्ये 937 गाड्यांनिशी सुरू झाली. तिची कंट्रोल रूम पुण्यात, औंधला. आता खटाव तालुक्यातल्या, यमाईच्या औंधहून कुणी घाबऱ्याघुबऱ्या "औंधमधून बोलतोय" म्हणालं, तर? 'खंडाळ्याचा घाट' म्हटल्यावर निम्म्या महाराष्ट्राला लोणावळा आठवतो. कोरेगावांचं तर विचारूच नका.

टॉवरवरून जागा कळते ना? थोडीफार. जुन्या जीएसएममध्ये, म्हणजे 2जी नेटवर्कमध्ये, टॉवरला फोनचं अंतर सुमारे 550 मीटरच्या पायरीनं कळतं, 4जीमध्ये सुमारे 78 मीटरच्या. दिशा मात्र ढोबळच, बहुधा वर्तुळाचा एक तृतीयांश भाग. त्यात डोंगराळ भागात फोन आपल्या गावचा टॉवर सोडून दरीपलीकडचा पकडतो आणि नकाशावर माणूस पाण्याच्या दुसऱ्या काठाला दिसतो. आणीबाणीच्या कॉलसोबत फोननं स्वतःच काढलेली जागा पाठवायची सोय अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये असते, पण घेणारी यंत्रणा तिला जोडलेली लागते.

म्हणून महामार्गावर असाल तर किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा, आणि वाहनं पुण्याकडे चालली आहेत की साताऱ्याकडे तेही. रानात असाल तर फोनच्या नकाशात आपल्या जागेवर बोट दाबून धरा, दोन आकडे दिसतील, ते वाचून दाखवा. सातारा जिल्ह्यात पहिला आकडा 17 किंवा 18 नं सुरू होतो, दुसरा 73 किंवा 74 नं. क्रम बदलू नका. 74 आधी आणि 17 नंतर सांगितलंत, तर ठिपका नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिक समुद्रात पडतो.